ऋतूंना साजेसे स्वयंपाकघर
आखाडा बाळापूरचे ऊन, पाऊस आणि हळद यांतून मिळणारे गृहसजावटीचे धडे

गृहसजावटीच्या जगात दरवर्षी नवा ऋतू येतो. डिसेंबरमध्ये पॅन्टोन ही रंगांची अमेरिकी संस्था पुढील वर्षाचा रंग जाहीर करते. एप्रिलमध्ये इटलीतील मिलान शहरात फर्निचरचे जागतिक प्रदर्शन भरते. १९६१ पासून भरणाऱ्या या प्रदर्शनात १९७४ पासून एक वर्षाआड ‘युरोकुचिना’ हे केवळ स्वयंपाकघरांना वाहिलेले दालन असते. तेथे दिसलेले रंग, दारे आणि मुठी काही महिन्यांत मुंबई-पुण्याच्या शोरूममध्ये येतात. पुढे त्यांची छायाचित्रे तालुक्याच्या गावातील सुतारापर्यंत पोहोचतात. २०२५ साठी पॅन्टोनने ‘मोका मूस’ ही कॉफीसारखी तपकिरी छटा निवडली होती. २०२६ साठी निवड झाली ती ‘क्लाउड डान्सर’ या पांढऱ्या रंगाची.

हा पांढरा रंग हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूरच्या एखाद्या स्वयंपाकघरात लावला तर काय होईल, असा विचार करून पाहावा. हे कळमनुरी तालुक्यातील, हिंगोलीहून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो. ‘वसमत हळद’ या नावाने येथील हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि हिवाळ्याच्या पहाटे चांगलाच गारठा असतो. अशा ठिकाणी स्वयंपाकघराची खरी परीक्षा हे तीन ऋतू घेतात. त्या परीक्षेत नापास होणारी सजावट कितीही अद्ययावत असली, तरी दोन पावसाळ्यांत तिचे दरवाजे फुगतात, बिजागऱ्या गंजतात आणि पिकाच्या उत्पन्नातून किंवा कर्ज काढून केलेला खर्च वाया जातो. म्हणून मराठवाड्यात घर बांधणाऱ्याने, आणि शहरात राहून गावच्या घराचे नूतनीकरण करू पाहणाऱ्यानेही, रंगाच्या आधी ऋतूंचा विचार केलेला बरा.

जुन्या घराची व्यवस्था

मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची असत. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर जाड मातीचा थर, अशा या छतामुळे आतली हवा उन्हाळ्यात थंड राहत असे. स्वयंपाकघर बहुधा आतल्या बाजूला असे. छतातील झरोक्यातून उजेड येई आणि चुलीचा धूरही त्याच वाटेने जाई. वर्षभराचे धान्य साठविण्यासाठी भिंतीलगत बांधलेले बळद असे. कुठे जमिनीत पेव, तर कुठे काड्यांची विणलेली आणि शेणमातीने सारवलेली कणगी असे. डाळी, मीठ, तिखट यांसाठी मडक्यांची उतरंड होती. ऋतू बदलला की या वस्तूंच्या जागाही बदलत.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा विसरता येत नाहीत. अपुऱ्या झरोक्यामुळे धूर कोंडत असे आणि तो बाईच्या डोळ्यांत, छातीत साठत असे. घरातील धुरामुळे जगभरात २०२० या एका वर्षी सुमारे ३२ लाख लोक दगावले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माळवदाचा जडपणाही घातक ठरला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या भिंती आणि अवजड छते यांखालीच गाडली गेली. तेव्हा जुन्या स्वयंपाकघराकडून त्याचा आकार घेण्याऐवजी ऋतूप्रमाणे वागण्याची रीत घ्यावी, हे उत्तम.

उभ्या ओट्याचा प्रवास

आज सर्वत्र दिसणारा उभा ओटा आणि त्याखालील कप्पे यांचे मूळ जर्मनीत सापडते. मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार महिलेने १९२६ मध्ये फ्रँकफर्ट शहरातील कामगार वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटरचे आटोपशीर स्वयंपाकघर आखले. कोणती वस्तू किती पावलांवर असावी, याचा त्यात बारकाईने विचार केलेला होता. आपल्याकडे स्वयंपाकाचा गॅस आला आणि चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. कडप्पा आणि शहाबादी फरशीच्या ओट्यांची जागा पुढे ग्रॅनाइटने घेतली, आणि ट्रॉल्यांनी फडताळाला निवृत्त केले.

पण फ्रँकफर्टच्या त्या आराखड्यात भाकरी नव्हती, वर्षाची ज्वारी नव्हती आणि उन्हाळी वाळवणही नव्हते. कॅटलॉगमधील आजच्या मॉड्युलर किचनमध्येही या गोष्टी नसतात. त्या आपल्यालाच मागून घ्याव्या लागतात.

उन्हाळा : उष्णता आणि पाणी

मराठवाड्यातील स्वयंपाकघराचा सर्वांत कठीण काळ म्हणजे मार्च ते जूनचा पहिला आठवडा. बाहेर ४० अंशांच्या पुढचे तापमान, वर तापलेला स्लॅब आणि समोर पेटलेला गॅस, अशा तिहेरी तापात दिवसातून दोन-तीन वेळा उभे राहावे लागते. घरातील सर्वांत तापणारी खोली पश्चिमेला नेऊन ठेवणे ही या हवामानात सर्वांत महागडी चूक ठरते. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर पडते आणि संध्याकाळचा स्वयंपाक होईपर्यंत ती भिंत उष्णता सोडत राहते. ओटा पूर्वेकडे असेल तर सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारी सावली राहते. आग्नेयेला स्वयंपाकघर ठेवण्याचा पारंपरिक आग्रह या दृष्टीने गैरसोयीचा नाही.

जागा बदलणे शक्य नसेल तर छतापासून सुरुवात करावी. स्लॅबवर दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात देणे किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसविणे, हा उष्णता परतविण्याचा जुना आणि स्वस्त मार्ग आहे. पॅन्टोनचा पांढरा रंग बाळापुरात खऱ्या अर्थाने शोभेल तो येथे, गच्चीवर!

वायुवीजनाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जेवणाची खोली वेगळी असल्यास स्वयंपाकघराचे क्षेत्रफळ किमान ५ चौरस मीटर, रुंदी किमान १.८ मीटर आणि मोकळ्या हवेत उघडणारी खिडकी किमान १ चौरस मीटरची असावी. शोभेच्या कपाटांसाठी ही खिडकी निम्मी झाकण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, ती टाळावी. गरम हवा वर जाते, म्हणून छतालगत एक झडप किंवा एक्झॉस्ट पंखा आणि त्याच्या समोरच्या बाजूला खाली हवा आत येण्याची वाट, अशी जोडी हवी. चिमणी घ्यायची असेल तर हवा नळीवाटे बाहेर फेकणारीच घ्यावी. हवा गाळून पुन्हा खोलीत सोडणारी चिमणी तेलकटपणा कमी करते, पण उष्णता तशीच ठेवते. शिवाय वीज गेली की चिमणी बंद पडते. तेव्हा चिमणी ही खिडकीची मदतनीस समजावी, तिची जागा घेणारी नव्हे.

उन्हाळ्याची दुसरी बाजू पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, ही आठवण मराठवाड्यात अजून ताजी आहे. त्यामुळे येथील स्वयंपाकघरात माठ, हंडे आणि पिंप यांना कायमची, सावलीची जागा असायला हवी. माठ हवेशीर कोपऱ्यात असेल तरच पाझरणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन पाणी गार होते. त्याला बंद कपाटात ठेवून उपयोग नाही. सिंकचे सांडपाणी वेगळ्या नळाने परसातील झाडांकडे वळविण्याची सोय बांधकामाच्या वेळी अल्प खर्चात होते. नंतर तीच करायची तर फरशी फोडावी लागते.

याच दिवसांत कुरडया, पापड, शेवया, सांडगे यांची वाळवणे होतात, वर्षाचे तिखट आणि मसाले होतात. ही कामे ओट्यावर मावत नाहीत. स्वयंपाकघरातून गच्चीकडे किंवा अंगणाकडे जाणारा सरळ रस्ता असावा. शहरातील सदनिकेत त्याचे काम ड्राय बाल्कनी करू शकते. ती बंद करून खोली वाढविण्यापूर्वी याचा विचार करावा.

पावसाळा : ओल, कीड आणि साठवण

जूनमध्ये वारे पश्चिम-नैर्ऋत्येकडून वाहू लागतात आणि त्या बाजूच्या खिडक्यांतून पावसाची झड आत येते. पुरेशा रुंदीचा छज्जा हा त्यावरचा पहिला उपाय आहे. यानंतर प्रश्न येतो तो लाकडाचा. शोरूममधील चकचकीत दारांमागे एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड असतो. त्याची कड उघडी राहिली आणि पाणी शिरले की तो फुगतो आणि पुन्हा मूळ आकारात येत नाही. ओट्याखाली, विशेषतः सिंकखाली, आयएस ७१० हे मानक असलेले मरीन प्लायवुड वापरावे. इतरत्र आयएस ३०३ मानकातील ओल सोसणारे प्लायवुड चालते. फळीवरील शिक्का स्वतः पाहावा आणि कडांवर पट्टी नीट बसली आहे, याची खातरजमा करावी.

खालची कपाटे थेट फरशीवर टेकवू नयेत. पीव्हीसी किंवा स्टीलच्या चार ते सहा इंच पायांवर ती उभी केली म्हणजे फरशी धुता येते आणि वाळवीलाही मार्ग मिळत नाही. ज्यांना हे सारे खर्चिक वाटते, त्यांच्यासाठी कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे आणि त्यांना केवळ दर्शनी दारे, हा मध्यम मार्ग आजही उत्तम आहे. दगड फुगत नाही आणि दार खराब झाले तर तेवढेच बदलता येते.

साठवणीचे गणित घरमालकाने सुताराला आधीच सांगावे. एक क्विंटल ज्वारीला साधारण १३० ते १४० लिटर जागा लागते. म्हणजे ओट्याखालचा एक मोठा कप्पा तिच्यासाठी पुरेसा ठरतो. मात्र १०० किलोंचे वजन ट्रॉलीच्या रुळांवर किंवा पातळ फळीवर टाकू नये. पत्र्याच्या कोठ्या जमिनीवर, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर आणि भिंतीपासून चार बोटे अंतरावर ठेवाव्यात. धान्य उन्हात कडक वाळवून, कोठीत कडुनिंबाचा पाला घालून, झाकण घट्ट बसवावे. भिंतीची ओल आणि धान्यातील ओल, या दोन्ही गोष्टी कीड लागण्यास कारण ठरतात.

गॅसच्या सिलिंडरचा विचारही याच ठिकाणी करावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खाली साचतो. सिलिंडर बंद कपाटात ठेवण्याचा प्रघात पडला आहे, पण त्या कपाटाच्या दाराला तळाशी जाळी किंवा फटी असणे अत्यावश्यक आहे. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा. पावसाळ्यात आणि थंडीत खिडक्या बंद राहतात, तेव्हा ही दक्षता अधिक हवी.

हिवाळा : ऊन घरात घेण्याचे दिवस

दसरा-दिवाळीच्या सुमारास घरे रंगतात, नवी भांडी येतात आणि स्वयंपाकघराच्या नूतनीकरणाचे बेतही होतात. पावसाळा संपून भिंती पुरेशा वाळल्यावरच रंग द्यावा. ओलसर भिंतीवर घाईने दिलेला रंग संक्रांतीपर्यंत पोपडे धरू लागतो.

थंडीतले ऊन घरात आणण्यासाठी सूर्याची चाल उपयोगी पडते. बाळापूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र तो दक्षिणेकडे झुकतो आणि क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर येतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन-अडीच फुटांचा छज्जा असला, तर उन्हाळ्याचे ऊन बाहेर अडते आणि हिवाळ्याचे आत येते. ही व्यवस्था एकदा केली की तिला वीज लागत नाही आणि तिची फॅशनही जात नाही.

ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्यांचे हे दिवस. भाकरी थापताना हाताला वरून जोर द्यावा लागतो. तयार मॉड्युलर ओट्याची उंची सरसकट ३३-३४ इंच असते. बहुतेक जणींना ती भाजी चिरण्यास ठीक, पण भाकरी थापण्यास उंच पडते आणि खांदे भरून येतात. उभे राहून हात कोपरात दुमडावा आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओट्याची पातळी धरावी. थापण्यासाठी ओट्याचा दीड-दोन फुटांचा भाग आणखी तीन-चार इंच खाली घेता येतो. त्यासाठी घरात रोज भाकरी करणारी व्यक्ती कोण आणि तिची उंची किती, हे विचारले पाहिजे. बहुसंख्य घरांत ओट्याची उंची कंत्राटदार ठरवितो आणि रंग पुरुष मंडळी निवडतात. ज्या बाईचे निम्मे आयुष्य तेथे जाणार, तिला मात्र शेवटी मुठी पसंत करायला बोलावले जाते. ही प्रथा बदलणे हाच स्वयंपाकघरातील सर्वांत निकडीचा नवा ‘ट्रेंड’ ठरावा.

हळदीच्या गावात पांढरा ओटा

आता पुन्हा रंगाकडे वळू. हळदीच्या पिवळेपणाचे कारण असलेले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते. त्यामुळे फोडणीचे शिंतोडे पाण्याने पुसून निघत नाहीत. साबण किंवा सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाने घासल्यास पिवळा डाग लालसर होतो, आणि डाग वाढला असे वाटते. यावर एक बिनखर्ची उपाय आहे. कर्क्युमिनचा रंग उन्हात विटतो. डागलेली फडकी, पाट किंवा प्लॅस्टिकची झाकणे धुऊन कडक उन्हात ठेवली की डाग फिके पडतात. ओटा मात्र उन्हात नेता येत नाही!

म्हणून हळदीचा सढळ वापर असलेल्या घरात ओट्यासाठी गडद ग्रॅनाइट निश्चिंत राहू देतो. पांढरा संगमरवर सच्छिद्र असतो, शिवाय लिंबू-चिंचेच्या आम्लाने त्याची चकाकी जाते. पांढऱ्या कृत्रिम क्वार्ट्झमध्ये राळ असते. तिच्यावर हळदीचा डाग रेंगाळू शकतो आणि गरम पातेले थेट ठेवल्यास चट्टाही पडू शकतो. भिंतीवरील टाइल पांढरी घेण्यास हरकत नाही, कारण तिची झिलई डाग शोषत नाही. डाग शोषतो तो टाइलांच्या सांध्यांतील सिमेंट. तेथे इपॉक्सीचा भराव वापरावा, किंवा सांधे करड्या रंगाचे ठेवावेत. पांढऱ्या रंगाची हौस छतावर आणि डोळ्यांच्या पातळीच्या वरच्या भिंतीवर भागवावी. त्याने उजेडही वाढतो.

वर काय ठेवाल?

माळ्यावर आणि वरच्या कपाटांत अवजड वस्तू रचण्याची आपली सवय या भागात जपून वापरायला हवी. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ रिश्टर तीव्रतेचा धक्का बसला आणि पाठोपाठ दुसरा, कमी तीव्रतेचा. १० जुलै २०२४ च्या सकाळी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का जाणवला. हिंगोलीबरोबर नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतही हे धक्के जाणवले होते. पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असे आवाहन मार्चमधील धक्क्यांनंतर नांदेडच्या प्रशासनाने केले होते. हाच न्याय स्वयंपाकघराला लावावा. पितळी हंडे, खलबत्ते, लोणच्याच्या बरण्या खाली ठेवाव्यात. वरची कपाटे भिंतीत विस्तार पावणाऱ्या बोल्टने पक्की करावीत आणि त्यांच्या दारांना अडकण असावी. शेगडीच्या नेमके वर उघडी फळी नसावी.

खर्चाचा क्रम आणि ऋतुबदलाची हौस

हातातील पैसा मर्यादित असेल तर खर्चाचा क्रम असा ठेवावा : प्रथम छत आणि खिडकी, मग पाणी व सांडपाण्याचे नळ, मग विजेची जोडणी आणि ओटा, त्यानंतर कपाटांचे सांगाडे आणि सर्वांत शेवटी दर्शनी दारे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो. दारे पुढेही बदलता येतात. ओट्याखालचा नळ किंवा खिडकीची जागा बदलायची म्हणजे नव्याने बांधकाम आले.

आणि दर ऋतूत काही नवे करण्याची हौस? ती अवश्य भागवावी, पण हलक्या वस्तूंवर. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा पडदा लावावा, ओट्यावर माठ आणि त्याचे तिवई-झाकण मांडावे आणि पिवळ्या दिव्याऐवजी सौम्य पांढरा दिवा वापरावा. पावसाळ्यात पडदे सुती आणि लवकर वाळणारे असावेत, दाराशी जाड पायपुसणे आणि उघड्या फळ्यांवर घट्ट झाकणांच्या काचेच्या बरण्या. हिवाळ्यात पितळ-तांब्याची भांडी घासून दर्शनी ठेवावीत, दिव्यांची छटा उबदार करावी आणि उन्हाच्या खिडकीत कोथिंबीर-पुदिन्याच्या कुंड्या मांडाव्यात. एवढ्या बदलाला सुतार लागत नाही आणि पुढील वर्षी मिलानमध्ये काय चालते, याची वाटही पाहावी लागत नाही.

मे महिन्याच्या दुपारी तेथे तासभर उभे राहता येते काय, ऑगस्टमध्ये डाळ कोरडी राहते काय आणि जानेवारीच्या सकाळी ओट्यावर ऊन पडते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर ते स्वयंपाकघर आधुनिक आहे असे खुशाल म्हणावे. मग त्याच्या दारांचा रंग कोणताही असो.